लस, गेटपास आणि पगार: कंपनी सक्ती कुठपर्यंत करू शकते?

ऐरोली, महापे, रबाळे किंवा वागळे इस्टेटमधल्या मोठ्या कंपनीत रुजू होताना कागदांच्या गठ्ठ्यात काही ठिकाणी आजही एक रकाना असतो: लशीचे डोस कधी घेतले, सर्टिफिकेट जोडा. पावसाळ्याच्या तोंडावर फ्लूच्या लशीचं शिबिर लागतं. मेलमध्ये ‘ऐच्छिक’ असं लिहिलेलं असतं आणि दोन दिवसांनी सुपरवायझर विचारतो, “तुमचं राहिलंय ना अजून?” विचारणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. पण समोरच्याच्या मनात लगेच पुढचे प्रश्न येतात. नाही घेतली तर? पगार कापतील? गेटवर अडवतील? काढून टाकतील?

कोविडच्या काळात हे प्रश्न घराघरात आले आणि त्यावर दोन उत्तरं पसरली. एक म्हणजे, “सुप्रीम कोर्टाने लससक्ती बंद केली, आता कोणी काही बोलू शकत नाही.” दुसरं, “कंपनी खासगी आहे, नियम तिचे, पटत नसेल तर नोकरी सोडा.” दोन्ही उत्तरं अर्धवट आहेत. अर्धवट माहितीवर कुणी नोकरी घालवली, तर कुणी नको असताना मान तुकवली, म्हणून हा विषय नीट समजून घेऊ.

माझं मत आधीच सांगतो. लस घ्यावी. कोविडच्या लशींनी गंभीर आजार आणि मृत्यू कमी केले, याबद्दल मला शंका नाही. पण लस चांगली असणं ही एक गोष्ट आणि ती न घेणाऱ्याच्या घरची चूल बंद करणं ही दुसरी. दुसऱ्या गोष्टीला वेगळं कारण लागतं, वेगळा पुरावा लागतो.

सक्ती म्हणजे नेमकं काय?

दंड धरून सुई टोचणं, या अर्थाने सक्ती कोणतीही कंपनी करत नाही. कंपनी करते ती अटींची सक्ती. लस नाही तर प्रवेश नाही, प्रवेश नाही तर हजेरी नाही, हजेरी नाही तर पगार नाही. कागदावर माणूस मोकळा असतो, प्रत्यक्षात महिनाअखेरीला घरभाडं कसं भरायचं हा प्रश्न त्याचा हात धरून त्याला रांगेत उभा करतो.

मेघालय उच्च न्यायालयाने जून २०२१ मध्ये हे स्पष्टपणे मांडलं. दुकानदार, रिक्षा-टॅक्सीवाले यांनी लस घेतल्याशिवाय व्यवसाय सुरू करू नये, असे आदेश तिथल्या जिल्हा प्रशासनांनी काढले होते. न्यायालयाने लसीकरणाचं महत्त्व मान्य केलं, पण उपजीविकेचा हक्क असा अडवता येणार नाही, असं सांगितलं. त्याऐवजी दुकानावर कर्मचाऱ्यांनी लस घेतली आहे की नाही याची पाटी लावा, म्हणजे गिऱ्हाईक स्वतः ठरवेल, असा मार्ग सुचवला.

हेल्मेट सक्तीचं आहे, मग लस का नाही?

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांमध्ये हा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो आणि तो अगदीच चुकीचा नाही. हेल्मेट, गॉगल, सेफ्टी शूज घातल्याशिवाय आत सोडत नाहीत. त्याबद्दल कोणी कोर्टात जात नाही.

फरक असा, की पाळी संपली की हेल्मेट खुंटीला अडकवून माणूस घरी जातो. लस शरीरात गेली की ती परत काढता येत नाही. म्हणूनच स्वतःच्या शरीराबद्दलचा निर्णय स्वतः घेण्याच्या हक्काला कायदा जास्त जपतो. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला, त्यात शरीरावरचा हा हक्कही येतो.

याचा अर्थ असा नाही, की शरीराचा प्रश्न आला की सगळे नियम थांबतात. इथे एकच पारिभाषिक शब्द लागेल: प्रमाणशीरता. म्हणजे हक्कावर आणलेलं बंधन कायद्याला धरून असावं, त्यामागे खरी गरज असावी, आणि तेच काम कमी जाचक उपायाने होत असेल तर आधी तो उपाय करावा.

लस नक्की कोणाला वाचवते?

प्रत्येक लशीबद्दल दोन वेगवेगळे प्रश्न असतात. ती घेणाऱ्याला आजारापासून किती वाचवते? आणि घेणाऱ्याकडून दुसऱ्याला होणारी लागण किती थांबवते? पहिल्या प्रश्नाचं उत्तर कितीही चांगलं असलं तरी त्यावरून कंपनी ‘तुझ्या भल्यासाठी’ एवढंच म्हणू शकते, आणि भल्यासाठी समजावता येतं, पगार अडवता येत नाही. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘बरीच थांबवते’ असं असेल तरच शेजारच्या खुर्चीवरच्या सहकाऱ्याचा मुद्दा उभा राहतो.

कोविडच्या लशी पहिल्या कामात शेवटपर्यंत उपयोगी राहिल्या. दुसऱ्या कामात मात्र विषाणूचे नवे प्रकार आले तसा त्यांचा जोर ओसरला. ओमायक्रॉनच्या लाटेत दोन्ही डोस झालेल्यांनाही लागण झाली, त्यांच्याकडून घरच्यांना झाली. बहुतेकांचा आजार सौम्य राहिला, हे लशीचं मोठं यश. पण ‘ज्याने लस घेतली नाही, तोच ऑफिसात रोग आणतो’ हे म्हणणं तेव्हापासून टिकेनासं झालं.

काही कामांत लस आजही अटीचीच आहे

कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटणाऱ्या, भाजी वाढणाऱ्या माणसाचंच बघा. अन्नसुरक्षेच्या २०११ च्या परवाना नियमांनुसार अन्न हाताळणाऱ्यांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी व्हायला हवी, विषमज्वराच्या गटातल्या आजारांविरुद्ध त्यांना लस दिलेली असायला हवी आणि त्याची नोंद ठेवायला हवी. कारण उघड आहे: त्याच्या हातून हा रोग शेकडो ताटांत जाऊ शकतो. रुग्णालयातला जैववैद्यकीय कचरा हाताळणाऱ्यांना हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देणं हे २०१६ च्या नियमांनी रुग्णालयावर टाकलेलं काम आहे. कंपनीने आफ्रिकेतल्या काही देशांत पाठवलं तर पीतज्वराच्या लशीचं प्रमाणपत्र लागतं, नाहीतर विमानतळावरच अडचण होते.

या तिन्ही ठिकाणी कामाचा आणि धोक्याचा थेट संबंध दाखवता येतो आणि अट लेखी नियमातून आलेली आहे. कचरा हाताळणाऱ्यांच्या बाबतीत तर नियमाचा रोख मालकावर आहे: लस तुम्ही द्या. कामगाराला गेटवर अडवा, असं तो नियम म्हणत नाही. आपल्याकडे वर्षानुवर्षं या नियमांची अंमलबजावणी ढिली राहिली, आणि २०२१ मध्ये संगणकासमोर बसणाऱ्याच्या सर्टिफिकेटसाठी मात्र गेटवर माणूस उभा केला गेला. हा उफराटा प्रकार मला आजही खटकतो.

सरकारनेच तर सक्ती केली होती ना?

केंद्र सरकारने पहिल्यापासून लसीकरण ऐच्छिक असल्याचं सांगितलं आणि जानेवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही तेच म्हटलं. राज्य सरकारचं वागणं वेगळं होतं. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून सर्वसामान्यांना लोकलने प्रवासाची मुभा मिळाली, पण दोन्ही डोस होऊन १४ दिवस झालेल्यांनाच. २७ नोव्हेंबर २०२१ च्या आदेशाने दुकानं, मॉल, कार्यक्रम इथे काम करणारे आणि येणारे, दोघांनाही दोन्ही डोस आवश्यक केले.

ठाणे-वाशी मार्गावर रोज प्रवास करणाऱ्या तिशीच्या माणसाच्या जागी बसून हा हिशेब करून बघा. १८ ते ४४ वयोगटाला लस खुली झाली १ मे २०२१ ला. मेच्या मध्यावर साठा संपत आल्याने राज्याने या गटाचं लसीकरणच थांबवलं. समजा, कसाबसा त्याला १ जूनला खासगी रुग्णालयात कोविशील्डचा पहिला डोस मिळाला. दुसऱ्या डोसला ८४ दिवस थांबायचं, म्हणजे २४ ऑगस्ट. त्यावर १४ दिवस, म्हणजे ७ सप्टेंबर. ज्या माणसाला लस हवी होती, ज्याने मिळाल्या दिवशी घेतली, त्यालाही १५ ऑगस्टला लोकल बंदच होती. आणि त्याची कंपनी जर ‘दोन्ही डोस झाल्याशिवाय हजेरी नाही’ म्हणत असेल, तर त्याच्या पगाराला लागलेली कात्री त्याच्या नकारामुळे नव्हती, पुरवठ्यामुळे होती. ‘लस न घेतलेले’ असा एकच शिक्का मारला की असे सगळे लोक त्यात दबून जातात. गर्भवतींना भारतात लशीची परवानगी २ जुलै २०२१ ला मिळाली. कोविड होऊन बरं झालेल्यांना तीन महिने थांबायला सरकारच सांगत होतं. पहिल्या डोसनंतर तीव्र ॲलर्जी झालेल्यांना दुसरा डोस नकोच असं डॉक्टर म्हणत होते.

लोकलच्या आदेशाला पुढे मुंबई उच्च न्यायालयात आव्हान मिळालं. तो काढताना आपत्ती व्यवस्थापनाच्या नियमांत ठरलेली पद्धत पाळली गेली नाही, यावर न्यायालयाने बोट ठेवलं. २ एप्रिल २०२२ च्या गुढीपाडव्याला राज्याने कोविडचे निर्बंध उठवले.

सर्वोच्च न्यायालयाने नेमकं काय म्हटलं?

२ मे २०२२ च्या निकालात न्यायमूर्ती नागेश्वर राव आणि न्यायमूर्ती भूषण गवई यांनी सांगितलं, की कोणालाही लस घ्यायला भाग पाडता येणार नाही, कारण शरीरावरचा हक्क राज्यघटनेच्या २१ व्या कलमात येतो. त्याच निकालात हेही आहे, की सार्वजनिक आरोग्यासाठी सरकार वाजवी आणि प्रमाणशीर बंधनं घालू शकतं. मग त्या वेळची बंधनं प्रमाणशीर होती का? न्यायालयाचं उत्तर ‘नाही’ असं आलं. लस न घेतलेल्यांकडून लागण पसरण्याचा धोका घेतलेल्यांपेक्षा जास्त आहे, हे दाखवणारी माहिती सरकारांनी समोर ठेवलेली नव्हती. रुग्णसंख्या कमी आहे तोवर असे आदेश मागे घ्यावेत, आणि खासगी संस्था व शिक्षणसंस्थांसह सर्वांनी आपापल्या अटींचा फेरविचार करावा, अशी सूचना न्यायालयाने केली.

हा निकाल लशीच्या विरोधात नव्हता. गंभीर आजार आणि मृत्यू टाळण्यात लशीचा उपयोग होतो, हे त्यात नोंदलेलं आहे. तो कायमचाही नव्हता. त्या काळातल्या परिस्थितीपुरतंच आपण बोलत आहोत, असं न्यायालयाने स्पष्ट केलं. उद्या वेगळा आजार आला, लागण खरोखर रोखणारी लस आली, तर उत्तर वेगळं येऊ शकतं. आणि खासगी कंपन्यांना केलेली ती सूचना होती, थेट मनाई नव्हती. त्यामुळे कंपनीशी वाद घालताना फक्त हा निकाल पुढे करून भागत नाही.

“कंपनी खासगी आहे, नियम तिचे”

कर्मचाऱ्याच्या बाजूचा खरा आधार इथे सापडतो. तो राज्यघटनेपेक्षा कामगार कायद्यात जास्त आहे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता, म्हणजे जुने कामगार कायदे एकत्र करून केलेले नवे कायदे, लागू झाल्या. पगार कापायचा तर वेतन संहितेत दिलेल्या कारणांसाठीच कापता येतो. दंड करायचा तर तो कोणत्या चुकांसाठी हे आधी मंजूर करून जाहीर करावं लागतं, आणि त्या पगार-कालावधीतल्या वेतनाच्या ३ टक्क्यांपुढे तो जाऊ शकत नाही. ‘लस नाही म्हणून महिन्याला हजार रुपये कमी’ असा तोंडी फतवा यात बसत नाही. शिस्तीचे नवे नियम आणायचे किंवा पगार-रजेच्या अटी बदलायच्या तर कामगारांना २१ दिवस आधी नोटीस द्यावी लागते. ही तरतूद जुन्या औद्योगिक विवाद कायद्यातही होती, नव्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे.

कामावरून काढण्यासाठी कंपन्या सहसा ‘वरिष्ठांचा आदेश मोडला’ हे कारण देतात. पण कामगारांसाठीच्या स्थायी आदेशांत, म्हणजे नोकरीच्या अटी आणि शिस्तीच्या लेखी नियमांत, गैरवर्तन ठरतं ते कायदेशीर आणि वाजवी आदेश मुद्दाम मोडण्याने. लस घ्या हा आदेश वाजवी होता का, हे कंपनीला सिद्ध करावं लागेल. घरून काम करणाऱ्या माणसाला सर्टिफिकेटसाठी निलंबित करणं वाजवी ठरवणं अवघड आहे. अतिदक्षता विभागातल्या परिचारिकेच्या बाबतीत कंपनीची बाजू कितीतरी भक्कम असेल. निलंबन केलंच तर चौकशी हवी, आणि पहिले ९० दिवस निम्मा पगार निर्वाह भत्ता म्हणून द्यावा लागतो.

यात एक मोठी फट आहे. हे संरक्षण बहुतांशी ‘कामगार’ या व्याख्येत बसणाऱ्यांना आहे. मॅनेजरच्या हुद्द्यावरच्यांना नेमणूकपत्रातल्या अटींवर भिस्त ठेवावी लागते. म्हणून ‘कंपनीची वेळोवेळी बदलणारी सर्व धोरणं मान्य’ हे वाक्य सही करण्याआधी वाचून घ्या.

कंत्राटी माणसाचं काय होतं?

मोठ्या कंपनीत कायम नोकरीतल्या माणसाला निदान मेल येतो, मुदत मिळते, एचआरशी बोलता येतं. हाउसकीपिंग, सिक्युरिटी, लोडिंग, कँटीन इथली माणसं ठेकेदाराची. त्यांच्या बाबतीत काढून टाकल्याचा कागद निघतच नाही. कंपनी गेटपास बंद करते, ठेकेदार म्हणतो, “कंपनी नको म्हणते, मी काय करू?” आणि कंपनी म्हणते, “तो आमचा कर्मचारीच नाही.” कोणाकडे दाद मागायची, हेच त्या माणसाला कळत नाही.

एप्रिल २०२१ पासून सुमारे शंभर पात्र लोक असलेल्या कार्यालयात लसीकरण केंद्र लावता येऊ लागलं, पुढे कुटुंबीयांनाही त्यात घेता आलं. चांगली योजना होती. पण सरसकट सगळ्या कंपन्यांच्या याद्यांत ठेकेदाराची माणसं आली नाहीत. बाहेर खासगी रुग्णालयात कोविशील्डच्या एका डोसची कमाल किंमत जून २०२१ मध्ये ७८० रुपये ठरली आणि कोव्हॅक्सिनची १,४१० रुपये. वर दुसऱ्या दिवशी ताप आला की खाडा. रोजावरच्या माणसाने डोस लांबवला तर त्याला ‘लसविरोधी’ म्हणणं हा त्याच्यावर अन्याय आहे. माझ्या मते कंपनीच्या लस धोरणाची पारख इथेच करावी: अट सगळ्यांना सारखी असेल तर मोफत डोस, भरपगारी सुट्टी आणि तापाचे दोन दिवसही सगळ्यांना सारखे हवेत. ज्या कंपनीला हे परवडत नाही, तिने गेटपास बंद करण्याची भाषा करू नये.

“पण आमचा क्लायंट अमेरिकन आहे”

ऐरोली-घणसोलीच्या आयटी पार्कांत हे कारण दिलं जायचं. तर अमेरिकेतलंच ऐका. शंभर किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपन्यांनी लस किंवा दर आठवड्याला चाचणी सक्तीची करावी, हा तिथला सरकारी नियम त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने १३ जानेवारी २०२२ ला रोखला. त्याच दिवशी सरकारी आरोग्य योजनांचा पैसा घेणाऱ्या रुग्णालयांतल्या कर्मचाऱ्यांसाठीची सक्ती मात्र चालू ठेवली. कामाचं स्वरूप बघून निर्णय झाला. काही कंपन्यांनी तिथे स्वतःहून कडक नियम केले, हे खरं आहे. पण परदेशी मुख्यालयाचं धोरण भारतातल्या कामगार कायद्याच्या वर जात नाही.

“मग बाकीच्यांच्या जिवाचं काय?”

हा आक्षेप मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण तो खरा आहे. त्याच मजल्यावर किडनी प्रत्यारोपण झालेला सहकारी असतो, केमोथेरपी घेऊन कामावर परतलेली बाई असते. त्यांच्या शरीरात लशीनंतरही पुरेशी प्रतिकारशक्ती तयार होतेच असं नाही. सुरक्षित जागेत काम मिळणं हा त्यांचाही हक्क आहे.

त्यांना खरा आधार देणाऱ्या गोष्टी वेगळ्याच आहेत. ताप-खोकला असताना घरी राहिलं तर पगार कापला जाणार नाही, ही हमी. खेळती हवा. साथीच्या दिवसांत मास्क. गरज असलेल्यांना घरून काम किंवा वेगळी पाळी. आजारी माणूस पगाराच्या भीतीने ऑफिसात आला, तर त्याच्या खिशातलं लशीचं सर्टिफिकेट त्या बाईला वाचवत नाही. हे सगळं करूनही धोका उरत असेल आणि लस तो कमी करते असा पुरावा असेल, तर अमुक कामासाठी अट घालायला माझी हरकत नाही. आधी जागा बदलून द्या, काम बदलून द्या, चाचणीचा पर्याय द्या आणि मग अट घाला, एवढंच.

सर्टिफिकेट कोण बघणार?

लस घेतली की नाही, का घेतली नाही, ही आरोग्याची माहिती आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या २०११ च्या नियमांत वैद्यकीय नोंदी संवेदनशील माहितीत मोडतात, त्या घ्यायच्या तर कशासाठी ते सांगून लेखी संमती घ्यावी लागते. ‘खालील व्यक्तींचा डोस बाकी आहे’ अशी नावांची यादी व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणं यात कुठेच बसत नाही. एखाद्याने ॲलर्जी, गर्भधारणा किंवा एचआयव्हीमुळे थांबलेलं असू शकतं. एचआयव्ही असलेल्या व्यक्तीला नोकरीत भेदभावापासून २०१७ च्या कायद्याने संरक्षण दिलं आहे, आणि अशी यादी त्या संरक्षणालाच भोक पाडते. कारण सांगायचंच असेल तर ते कंपनीच्या डॉक्टरला सांगा. टीम लीडला ‘सध्या सूट आहे’ एवढं कळलं तरी पुरे.

नोटीस आली तर

तोंडी उत्तर देऊ नका. ही अट कोणत्या कायद्याखाली किंवा कंपनीच्या कोणत्या लेखी धोरणाखाली आहे, ते लेखी विचारा. वैद्यकीय कारण असेल तर डॉक्टरांचं पत्र जोडा. घरून काम, चाचणी, दुसरी जागा यातलं जे तुम्हाला चालेल ते स्वतःहून लिहून द्या, कारण पुढे वाद झालाच तर वाजवी कोण वागलं हेच बघितलं जातं. ‘स्वेच्छेने राजीनामा देतो’ असा तयार मजकूर समोर आला तर सही करू नका. एकदा राजीनामा दिला की काढून टाकल्याची तक्रार उभी करणं फार कठीण जातं. कंत्राटी असाल तर ठेकेदार आणि मूळ कंपनी, दोघांच्याही नावाने पत्र द्या आणि पोच घ्या. गेटपासचा, हजेरीचा, पगार जमा झाल्याचा फोटो मोबाइलमध्ये राहू द्या.

तरीही काढलंच, तर कामगार विभागाच्या ठाण्यातल्या कार्यालयात समेट अधिकाऱ्याकडे, म्हणजे दोन्ही बाजूंत तडजोड घडवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे, अर्ज करता येतो. अर्जाला ४५ दिवस उलटले आणि तोडगा निघाला नाही, तर कामगाराला स्वतः औद्योगिक न्यायाधिकरणाकडे, म्हणजे असे वाद निकाली काढणाऱ्या न्यायपीठाकडे, जाता येतं. मात्र कामावरून काढल्याच्या तारखेपासून दोन वर्षांच्या आत. आधीच्या कायद्यात ही मुदत तीन वर्षांची होती.